स्वदेशी, लिनक्स आणि इर्जिक

(कोल्हापूर येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या विषयाची सुरुवात मी एका घरगुती गोष्टीपासून करणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, दुकानात किंवा आपण चालवीत असलेल्या शाळेत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा संगणक असेल. तो उत्तम चालतो. कळफलकावरची दोन-चार अक्षरे पुसली गेली असतील, एवढेच. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी त्यातील विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा सुरक्षा-आधार संपला. कंपनीने वाढीव आधाराची सोय ठेवली. पण तीही ठरावीक मुदतीची. विंडोज ११ ही पुढची प्रणाली घालावी म्हटले, तर तिच्या अटींत असे जुने संगणक बसत नाहीत. त्यासाठी नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. मग दुकानदार सांगतो, "साहेब, हा आता काढून टाका, नवा घ्या."

यंत्र बिघडलेले नाही. मालक बदललेला नाही. तरीही ते यंत्र निवृत्त झाले. हा निर्णय आपण घेतलेला नाही. तो सात समुद्रांपलीकडे घेतला गेला. तेव्हा ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले, तिचे आपण खरोखर मालक होतो का, हा प्रश्न प्रत्येक स्वाभिमानी माणसाला पडला पाहिजे.

या प्रश्नाचे एक उत्तर लिनक्स नावाच्या प्रणालीत आहे. परंतु आज मी त्या प्रणालीची जाहिरात करण्यासाठी उभा नाही. ती वापरणारी माणसे एकमेकांना जी मदत करतात, विशेषतः संगणक जाळ्याला जोडताना, इंटरनेट चालू करताना अडलेल्याला जो हात देतात, त्या कार्यपद्धतीविषयी मला बोलायचे आहे. कारण ती पद्धत आपल्याला अपरिचित नाही. आपणच ती विसरत चाललो आहोत.

एक ऋण

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २००१ सालची गोष्ट आहे. मी हौसेने लिनक्स घातले. सर्व काही चालले, फक्त इंटरनेट चालेना. त्या काळी दूरध्वनीच्या तारेला मोडेम लावून, तो चिरचिर आवाज ऐकत जोडणी करावी लागे, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. सेवा देणाऱ्यांच्या मदत-क्रमांकावर विचारले. पलीकडून उत्तर आले, "आधी स्टार्टवर क्लिक करा." मी म्हटले, माझ्याकडे विंडोज नाही. त्यावर ते म्हणाले, "मग आम्ही काही करू शकत नाही." त्या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता; त्याच्यासमोरच्या कागदावर तेवढेच लिहिलेले होते.

लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका गटाला मी ई-पत्राने विचारले. पुण्याच्या एका गृहस्थांचे त्याच रात्री उत्तर आले. माझी त्यांची ओळख नव्हती, आणि आजपर्यंत भेटही झालेली नाही. त्यांनी प्रथम मलाच चार प्रश्न विचारले. मोडेम आत बसवलेला आहे की बाहेर? कोणत्या बनावटीचा? पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे येतात? आतापर्यंत काय करून पाहिले? त्यातून उलगडा झाला, की माझा मोडेम 'विनमोडेम' या स्वस्त जातीचा होता. किंमत कमी ठेवण्यासाठी त्यातील बरेचसे काम यंत्राऐवजी विंडोजवर चालणाऱ्या आज्ञावलीवर सोपवलेले असे. विंडोज गेले, की तो मोडेम मुका. उपाय दोन : त्यासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेली आज्ञावली मिळते का ते पाहणे, नाहीतर सिरियल जोडणीचा बाहेरचा मोडेम आणणे. मी दुसरा उपाय केला आणि जोडणी झाली.

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी एका ओळीत उत्तर पाठवले : जमले कसे ते लिहून सर्वांना कळवा. मी "हो" म्हटले, आणि विसरलो. दोन-तीन महिन्यांनी इचलकरंजीच्या एका तरुणाने त्याच गटात नेमका तोच प्रश्न विचारलेला मी पाहिला. त्याच्याकडे त्याच जातीचा मोडेम होता. त्याचे आठ दिवस वाया गेले होते. मी वेळेवर अर्धे पान लिहिले असते, तर त्याचा एक तासही वाया गेला नसता. घेतले ते घरी ठेवले, ही माझी चूक होती, आणि ती मला आजही बोचते. आजचे भाषण हे त्या चुकीचे उशिरा केलेले परिमार्जन समजा.

१९९१ : एक विद्यार्थी आणि एक वचन

१९९१ हे वर्ष आपल्या देशाच्या आर्थिक इतिहासात महत्त्वाचे आहे. जुलैमध्ये नवे आर्थिक धोरण आले, आणि २२ नोव्हेंबर रोजी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी त्याचे प्रणेते. त्याच वर्षी २५ ऑगस्टला फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण छंद म्हणून संगणकाची एक प्रणाली लिहीत आहोत, कोणाला काही सुचवायचे असल्यास सुचवावे. जगातून सूचना आल्या, दुरुस्त्या आल्या. पुढच्या वर्षी त्याने ती जीपीएल या परवान्याखाली सर्वांना खुली केली.

हा परवाना अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेला. त्याचे मर्म साध्या शब्दांत सांगतो. ही आज्ञावली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, तिची प्रत शेजाऱ्याला द्यावी. अट एकच : तुम्ही बदललेली प्रत दुसऱ्याला देणार असाल, तर तिची मूळ संहिताही द्यावी, आणि जे स्वातंत्र्य तुम्हाला मिळाले तेच पुढच्याला द्यावे. घेणाऱ्यावर देण्याचे बंधन घालणारा हा परवाना आहे.

लिनक्सचा जाळे-जोडणीचा भाग कसा वाढला, हेही पाहण्यासारखे आहे. आरंभीच्या काळात हा भाग कच्चा होता. वेल्समधील स्वान्सी येथील अ‍ॅलन कॉक्स हे विद्यापीठाच्या जाळ्यावर लिनक्स वापरत असताना त्यांना त्यातील दोष दिसू लागले. ते तक्रार करून थांबले नाहीत. दोष दुरुस्त करून त्यांनी त्या दुरुस्त्या पाठवल्या. पाठवता पाठवता तेच त्या भागाचे प्रमुख सांभाळकर्ते झाले. जर्मनीच्या ओलाफ किर्श यांनी जाळे कसे उभारावे यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि तो सर्वांना मोफत वाचण्यास मोकळा ठेवला. ज्याला अडचण आली त्याने ती सोडवली, आणि ज्याने सोडवली त्याने ती लिहून ठेवली. लिनक्सची सारी इमारत या दोन विटांवर उभी आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या गाभ्यातही लिनक्सच आहे.

ही तर आपली इर्जिक

हे ऐकून कोणाला वाटेल, केवढी ही नवलाईची पाश्चात्त्य कल्पना! बंधूंनो, पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला विचारा. नांगरट अडली, एका बैलजोडीने काम उरकेना, की गावातले शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत. दिवसभर राबत, संध्याकाळी त्याच्या घरी जेवत, आणि मजुरीचा शब्दही निघत नसे. याला आपण इर्जिक म्हणतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, हा पैरा. यात उपकाराची भाषा नसते, हिशेबाची वहीही नसते. परंतु सगळ्यांच्या रानात जेवून स्वतःचे औत घरी ठेवणारा माणूस गावाच्या ध्यानात राहतो.

लिनक्स वापरणाऱ्यांचा गट ही संगणकाची इर्जिक आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा व्यक्तींनी केलेला करार नाही, तो एक सजीव अस्तित्व आहे, हा त्या मांडणीचा गाभा. बाजाराची मक्तेदारी आणि सरकारची मक्तेदारी यांपलीकडे समाजाची स्वतःची शक्ती असते, हे तत्त्व आपण बौद्धिकांतून ऐकतो. त्याचे एक प्रत्यक्ष उदाहरण संगणकक्षेत्रात उभे राहिले, आणि ते उभे करणाऱ्यांनी दीनदयाळजींचे नावही ऐकलेले नव्हते. सत्य कोणत्याही दिशेने आले तरी ते ओळखता आले पाहिजे.

बेळगावचा एक अभियंता

ही इर्जिक आपल्या देशात कशी रुजली? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वेग बहुधा सेकंदाला ९,६०० बिटांचा. एका सीडीत साधारण साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावतो. तेवढा मजकूर त्या वेगाने उतरवून घ्यायचा, तर तार एकदाही न तुटता सहा दिवसांहून अधिक काळ लागेल. मग लिनक्स घरोघर पोहोचणार कसे?

तो मार्ग ज्यांनी काढला, त्यांत अतुल चिटणीस यांचे नाव अग्रभागी आहे. जन्म १९६२ सालचा, बर्लिनचा; पण शालेय आणि अभियांत्रिकी शिक्षण झाले ते येथून जवळच असलेल्या आपल्या बेळगावात. सार्वजनिक इंटरनेट येण्याआधीच्या काळात, १९८९ पासून, त्यांनी बंगळुरूत दूरध्वनी आणि मोडेमच्या साहाय्याने निरोपांची देवाणघेवाण करणारे केंद्र चालवले. 'पीसी क्वेस्ट' या मासिकात ते संगणकीय दळणवळणावर लिहीत. १९९६ मध्ये त्या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना दिली. त्या उपक्रमामागे चिटणीस होते. ती सीडी मित्राला देणे, तिच्या दहा प्रती काढून वाटणे हे संपूर्ण कायदेशीर होते. त्यातून गावोगावी वापरणारे निर्माण झाले, वापरणाऱ्यांचे गट झाले. २००१ पासून बंगळुरूत त्यांच्या पुढाकाराने लिनक्सच्या वार्षिक परिषदा भरू लागल्या. पुण्यात, मुंबईत गट उभे राहिले. पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेत विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने 'ग्नूनिफाय' हा मेळावा अनेक वर्षे भरत असे. ३ जून २०१३ रोजी चिटणीस कर्करोगाने गेले. वय अवघे ५१. त्यांनी शिकवलेल्यांनी शिकवलेली माणसे आज देशभर काम करीत आहेत.

कायदेशीर हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. आपल्या घरांतून आपण मुलांना सांगतो, दुसऱ्याच्या पैशालाही हात लावू नये. आणि त्याच घरात संगणकावर चोरीची प्रत घालून देणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो! एका पिढीने संगणकाची अक्षरे अशा उसन्या नव्हे, चोरलेल्या पाटीवर गिरवली. हे आपल्या संस्कारांत बसत नाही, एवढे आपण आपल्याशी तरी कबूल केले पाहिजे. शेजाऱ्याला प्रत देणे हा जेथे गुन्हा न ठरता कर्तव्य ठरतो, असा मार्ग उपलब्ध असताना तो न चोखाळणे हा आळस आहे.

प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे द्यावे

आता प्रत्यक्ष कार्यपद्धतीकडे येतो. या गटांत एक अलिखित शिस्त असते. "इंटरनेट चालत नाही, लवकर सांगा," असे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, कारण या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच म्हणावे, तसे ते आहे. यंत्र कोणते, लिनक्सचा कोणता प्रकार, पडद्यावरचा संदेश अक्षरशः काय, बिघाड होण्याआधी काय बदलले, स्वतः काय करून पाहिले, एवढे सांगावे. अनेकदा असे व्यवस्थित लिहीत असतानाच विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर सापडते.

जोडणीचा दोष शोधण्याची त्यांची रीतही पायरी-पायरीची आहे, आणि ती या सभागृहातील प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. पहिली पायरी : मोडेमवरचा जोडणीचा दिवा स्थिर आहे का? नसेल तर दोष तारेत. संगणकाशी झगडण्यात अर्थ नाही. दुसरी : संगणकाला त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरक्रमांक, मिळाला आहे का? तिसरी : घरातल्याच राउटरला हाक मारली तर तो ओ देतो का? या हाकेला 'पिंग' म्हणतात. चौथी : बाहेरच्या जगातील एखाद्या अंकी पत्त्याला हाक पोहोचते का? पाचवी : तीच हाक नावाने मारली तर पोहोचते का? अंकाने पोहोचते आणि नावाने पोहोचत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणाऱ्या यादीचा. रस्ता ठीक आहे, पत्त्यांची वही हरवली आहे. पाच पायऱ्यांत दोषाचे घर सापडते. ही विद्या कोणत्याही प्रणालीवर उपयोगी पडते. पण ती सामान्य वापरकर्त्यांत रुजवण्याचे श्रेय अशा गटांना द्यावे लागेल.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली, वेग २५६ किलोबिटांपासून पुढे. तेव्हा पीपीपीओई नावाची नवी पद्धत लोकांपुढे आली. कोणाचे सर्व ठीक जुळे. मात्र काही संकेतस्थळे उघडत आणि काही अर्ध्यावर अडकून राहत. यंत्र ठीक, तार ठीक, मग भुताटकी कोठली? जाणत्यांनी कारण सांगितले. जाळ्यावर मजकूर १,५०० बाइटांच्या पाकिटांतून जातो. पीपीपीओई त्या पाकिटात स्वतःची ८ बाइटांची चिठ्ठी घालते. मजकुराला १,४९२ उरतात. मधल्या एखाद्या ठिकाणी ही सूचना पोहोचली नाही, की मोठी पाकिटे वाटेत हरवतात. लहान निरोप पोहोचतात, मोठे पोहोचत नाहीत. संगणकात १,४९२ हा आकडा लिहिला की काम झाले. किंवा जोडणी करण्याचे काम संगणकाऐवजी मोडेमकडेच सोपवले, की घरातले कोणतेही यंत्र विनातक्रार चालते. हे एका माणसाने शोधले, लिहिले, आणि त्यावर शेकडो घरांतील इंटरनेट चालू झाले.

उत्तर देणाऱ्याचीही शिस्त आहे. उत्तर एकट्याला खासगीत न देता सर्वांना दिसेल असे द्यावे, म्हणजे पुढचा अडणार नाही. केवळ आज्ञा सांगू नये, ती काय करते तेही सांगावे. तालमीतला वस्ताद पट्ठ्याला सगळे डाव शिकवून एक डाव स्वतःजवळ ठेवतो, अशी गोष्ट आपण कोल्हापूरकर चवीने सांगतो. या तालमीत राखून ठेवलेला डाव नसतो.

अर्थात, सारेच तेथे साधुसंत आहेत असे मी म्हणणार नाही. नवख्याला "आधी पुस्तक वाच" असे फटकारणारे, त्याच्या अज्ञानाची टवाळी करणारे लोक या जगात पुष्कळ झाले. असा एक फटका बसलेला नवखा पुन्हा फिरकत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये स्वतः टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ ते कामापासून दूर राहिले. शाखेत नवा बाल आला, की त्याचे पाऊल चुकते. मुख्य शिक्षक त्याला हसत नाही. ज्ञानाबरोबर हा जिव्हाळा हवा.

वारणेचा धडा

आपल्याच परिसरातील एक मोठा प्रयोग येथे आठवतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला उसाच्या नोंदी, बिले, बाजारभाव, शेतीचा सल्ला गावातच मिळवून द्यायचा, असा तो स्वप्नवत संकल्प होता. केंद्र शासन, राज्य शासन आणि कारखाना एकत्र आले. ग्रामीण भारतात इंटरनेट नेण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

काही वर्षांनी अभ्यासकांना तेथे दिसले, की केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशेबापुरता उरला आहे; इंटरनेटचा वापर नाममात्र आहे; संगणक जुने झाले आहेत आणि देखभाल महाग पडते आहे. २००६ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते स्वस्तात झाले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. तारा, वीज, खर्च अशी अनेक कारणे होती. परंतु मला त्यातून एक गोष्ट जाणवते. यंत्र वरून देता येते. ते आपले मानून उघडणारा, दुरुस्त करणारा, शेजारच्या गावाला "आमच्याकडे हे असे सुटले" असे सांगणारा माणूस वरून देता येत नाही. तो गावातच घडवावा लागतो. ज्या वारणेने सहकारातून दूध आणि साखर उभी केली, तिच्या मातीत संगणकाचीही इर्जिक उभी राहू शकली असती. ती राहिली असती, तर यंत्रे जुनी झाल्यावरही माणसे उरली असती.

हे स्वदेशी कसे?

आता आपल्या मनातील शंका. फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिहिलेली, अमेरिकेच्या परवान्याखाली चालणारी वस्तू स्वदेशी कशी? शंका रास्त आहे. आजच्या लिनक्सच्या गाभ्यात पडणारी बहुतेक भर मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते घालतात, हेही खरे आहे.

उत्तरासाठी आपल्या शिवाजी उद्यमनगरात चला. इंजिनाचा सुटा भाग मिळेना, तर तेथील मिस्त्री हात जोडून बसला नाही. त्याने इंजिन उघडले, भाग मापला, साचा केला, ओतला आणि बसवला. त्यातून कोल्हापूरचा ओतकाम आणि यंत्रनिर्मितीचा उद्योग उभा राहिला. इंजिनाची कल्पना परदेशातली होती. पण ते उघडण्याचा अधिकार आणि उघडण्याची हिंमत आपली होती. समजा, त्या इंजिनाला असे कुलूप असते की उघडणे हाच गुन्हा ठरावा; मग उद्यमनगर उभे राहिले असते काय? स्वदेशीची कसोटी वस्तू कोठे जन्मली एवढीच नाही. ती समजून घेता येते का, दुरुस्त करता येते का, आणि देणाऱ्याने उद्या हात काढून घेतला तर आपण चालवू शकतो का, या तीन प्रश्नांत स्वदेशी आहे.

तिसरा प्रश्न काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. तिच्यात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. पण गुजरातेत वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणारी, देशभर पंप असलेली ही भारतात नोंदलेली कंपनी आहे. निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या संगणकीय सेवा थांबवल्या. ज्यांचे पैसे भरलेले होते, त्या सेवा! कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या कायद्याने काही बंद केलेले नव्हते, तरी भारतातील कार्यालयाचे टपाल थांबले. हे ज्याला समजले, त्याला स्वदेशीचे भाषण द्यावे लागत नाही.

दिशा मात्र आशादायक आहे. पुण्याच्या सी-डॅकचे 'परम' महासंगणक लिनक्सवर चालतात. सी-डॅकनेच सिद्ध केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे, आणि तिच्यात मराठीची सोय आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी लिनक्सवर आधारलेली 'माया' ही प्रणाली स्वीकारल्याचे वृत्त आले. आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो : शाळांतून मुक्त प्रणाली नेण्याच्या कामात केरळ राज्य आपल्या पुष्कळ पुढे आहे. तेथील राज्यकर्त्यांच्या विचारांशी आपले मतभेद आहेत. पण तेथील सरकारी शाळांतील शिक्षक आणि मुले लिनक्स वापरतात, दुरुस्त करतात. चांगले जेथे दिसेल तेथून शिकण्यात कमीपणा नाही. आपण मागे राहण्यात आहे.

आपण काय करावे

अखेरीस, काही व्यवहाराच्या गोष्टी. प्रत्येकाने उद्याच सर्व काही बदलावे असे मी सांगत नाही. व्यवसायाची हिशेबाची आज्ञावली, छपाईसाठीचे जुने मराठी टंक, काही सरकारी संकेतस्थळांना लागणारी डिजिटल स्वाक्षरीची किल्ली, अशा ठिकाणी लिनक्सवर अजून अडचणी येतात. तेथे हट्ट करू नये. परंतु घरातला पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, शाळेची प्रयोगशाळा, कार्यालयातले टंकलेखन यांना ते पुरेसे आहे. बहुतेक प्रकार पेनड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येतात. पाहावे, पटले तर ठेवावे. मात्र कायमचे घालण्यापूर्वी आपल्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची दुसरी प्रत काढून ठेवावी.

माझी सूचना एवढीच आहे. आपल्या वस्तीत महिन्यातून एक रविवार ठरवा. शाळेची एक खोली, एक विजेचा बोर्ड, एक इंटरनेट जोडणी, आणि टाकून द्यायला काढलेले जुने संगणक. महाविद्यालयीन तरुण येतील, निवृत्त शिक्षक येतील. आपल्या भगिनींनी यात मागे राहू नये. घरातील वायफायचा राउटर बंद पडल्यावर पहिली अडचण त्यांनाच येते, तर पहिली विद्याही त्यांनाच मिळावी. अडलेल्याने अडचण नीट मांडावी, जाणत्याने सर्वांसमक्ष सोडवावी. एका संगणकाने पुनर्जन्म घेतला, तर तो गरजू विद्यार्थ्याच्या घरी जावा. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ज्या नगरीने विद्येचे दार असे उघडले, तिथल्या मुलाचा अभ्यास केवळ संगणकाची मुदत संपली म्हणून थांबू नये.

आणि त्या खोलीत एक वही ठेवा, मराठीत. सुटलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात त्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे : अडचण काय होती, कारण काय निघाले, उपाय काय केला. ज्याचे काम झाले, त्यानेच लिहावे. तेवढे लिहिल्याशिवाय त्याने घरी जाऊ नये. पंचवीस वर्षांपूर्वी मी न लिहिता घरी गेलो होतो.